चाकोरीवाली काठी

साहेब लोकांच्या खेळाला काठ्या किती लागाव्यात याला काही सुमार नव्हता. आपल्याकडे अख्ख्या गल्लीचं बालपण एका दांडूवर निघतं. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या पलीकडच्या माळावर साहेबांनी गोल्फचं मैदान मांडलं, तेव्हा एकेका साहेबाच्या मागे दहा-दहा काठ्यांची पिशवी फिरायला लागली. लांब टोल्याची काठी वेगळी, मधल्या टोल्याची वेगळी, रेतीतून चेंडू काढायची वेगळी, आणि भोकात ढकलायची तर अगदीच वेगळी. ती पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणत. कवडू तेवीस वर्षं कॅडी होता. त्यातली शेवटची नऊ वर्षं तो हेडकॅडी होता, म्हणजे खांद्यावर पिशवी तीच, फक्त डोक्यावर पागोटं लाल.

त्या दहा काठ्यांत एक काठी अशी होती, की ती एकेका पिशवीतून अख्ख्या हंगामात चार-पाच वेळाच बाहेर निघे. साहेब तिला ट्रॅक आयर्न म्हणत आणि कॅडी लोक चाकोरीवाली म्हणत. दोन्ही नावं एकाच कामाची. तिचं लोखंडी डोकं एवढंसं, पण हाताला जड, आणि तोंड पळीसारखं किंचित खोलगट. नव्या कॅडीला वाटे, ही काठी घडवताना लोहाराकडचं लोखंड संपलं असेल.

लोखंड संपलं नव्हतं. खाप्याकडून येणाऱ्या बैलगाड्यांची वाट त्या मैदानाच्या मधोमध जात होती. वाट आधीची, मैदान मागाहून आलं. कमिटीनं दोनदा पाटी लावून वाट बंद केली, पण बैलांना वाचता येत नव्हतं आणि गाडीवानांनी वाचायचं मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतत, आणि दिवाळी उलटली की त्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होत. चेंडू घरंगळत त्यात जाऊन बसला की दुसरी कुठलीही काठी चालत नसे. मोठं डोकं चाकोरीच्या काठालाच अडे. चाकोरीवालीचं डोकं मात्र आत मावे. चेंडूच्या बुडाखाली उभा घाव घातला, की चेंडू सरळ वर उडे आणि पंधरा-वीस पावलांवर थपकन पडे. विलायतेत अशा वाटा बुजत चालल्या होत्या, म्हणून तिकडे ही काठी अडगळीत गेली होती म्हणे. नागपुरात गाड्या चालू होत्या, म्हणून काठीही चालू होती.

"खड्ड्यातून वर काढाचं, बस. पुढं न्याचं काम हिचं नाही," असं कवडू नव्या कॅडींना सांगायचा, आणि दुसऱ्या काठ्यांबद्दल सांगायचा त्यापेक्षा जास्त ठासून सांगायचा. जे क्वचित लागतं, तेच माणूस विसरतो, असा त्याचा अनुभव होता.

याच काठीनं उडालेला चेंडू कानशिलावर बसून त्याची बायको मेली. त्याला आज अकरावा दिवस होता.

अकरा दिवसांत कवडू रडला नव्हता. लोकांनी आधी वाट पाहिली, मग कौतुक केलं, मग कुजबूज सुरू केली. दहाव्याला मुंडण झालं, तेव्हा न्हाव्यानं त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कवडू, रड ना गा. आतमंदी ठेवू नको." कवडू म्हणाला, "हो." आणि उठून अंग धुवायला गेला. त्याला लपवायचं काही नव्हतं. आत पाहावं तर तिथं काही नव्हतंच. भाकर पुढं आली की तो खाई, अंधार झाला की झोपे. दोन दिवसांनी तेरवी आहे, तिला किती माणसं येतील, हे त्यानं भिवापूरच्या चुलतभावाला बिनचूक सांगितलं. आपलं काहीतरी बिघडलंय एवढं त्याला कळत होतं, पण त्याची भीतीही वाटत नव्हती.

सकाळी क्लबचे हेडक्लार्क मधुकरराव त्याच्या घरी आले. मधुकरराव वाईट माणूस नव्हते. कुणाचंच वाकडं होऊ नये असं त्यांना मनापासून वाटे, आणि अशी माणसं कधी कधी भलतंच वाकडं करून बसतात. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"कवडू, आज दुपारी कचेरीत चौकशी आहे. मॅजिस्ट्रेट रावसाहेब बाहेरून आलेत, त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तुला दोनच गोष्टी विचारतील. ही काठी कशाची, आणि आरोळी दिली होती का. काठीचं तू सांगशीलच. आरोळीचं मी लिहून आणलंय, ऐकून ठेव."

आणि त्यांनी वाचलं. टोला मारण्यापूर्वी हेडकॅडीने रिवाजाप्रमाणे आरोळी दिली, परंतु मयत बाईने हयगय करून जागा सोडली नाही.

"आरोळी नव्हती देल्ली जी," कवडू म्हणाला.

"मला ठाऊक आहे." मधुकररावांनी आवाज उतरवला. "पण नाही म्हटलंस तर पुढचा प्रश्न येतो, का नाही दिली? मग एक तर साहेबावर येतं, नाही तर तुझ्यावर येतं. डॉसन साहेब पोरगेला माणूस, महिन्यापूर्वी आलाय, त्याला रात्रीची झोप नाही. तुझी तेवीस वर्षांची चाकरी आहे. आणि मेलेल्या माणसावर आलं तर कुणाचं काय बिघडतं, सांग बरं?"

कवडूनं रिकामा तांब्या उचलून आत ठेवला. मधुकररावांनी ते होकारात धरलं आणि कागदाची घडी घालून ते निघून गेले.

त्याची मुलगी गोपिका दाराआड उभी होती. तिला खाप्याला दिली होती आणि माय दवाखान्यात असल्याचा निरोप मिळताच ती आली होती. माय तिला भेटली, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सगळंच संपलं. गोपिकेचे डोळे रडून रडून सुजले होते आणि बापाचे कोरडे डोळे पाहून तिला त्याचा राग येत होता.

"हयगय म्हंजे काय गा, बा?"

"म्हंजे... ध्यान नव्हतं तिचं."

"मायचं?" गोपिका बाहेर आली. "माय निजाच्या आंधी चुलीतला इस्तव दोनदा पाहे. शेळीची दोरी तीनदा पाहे. तिचं ध्यान नव्हतं? आन् हे सरकारी कागदावर लिवतीन?"

"लिवू दे ना वं. कागद कोण वाचते?"

"मी वाचत नाही, बा, पण मले मालूम राहीन." तिचा आवाज फाटला. "जल्मभर मले मालूम राहीन का माय आपल्या हयगयीनं मेली. तू तिथंच होता. तू सांग, काय झालं होतं? त्या सायबानं मोठी काठी घेतली होती ना? सांग ना!"

"नाही. काठी चाकोरीवालीच होती."

"मंग तू आरोळी काहून नाही देल्ली?"

कवडू उठला, पागोटं मुंडण केलेल्या डोक्यावर ठेवलं आणि बाहेर पडला. मागून गोपिका ओरडली, "मायले बेपर्वा म्हणू नको देऊ, बा! एवढंच कर!" ते त्यानं ऐकलं. कचेरीपर्यंतच्या वाटेत ते त्याच्या सोबत चालत राहिलं, पण त्याला लागलं नाही.

आरोळी का दिली नाही, याला कारण होतं. त्या कारणाला पाच वर्षं झाली होती.

मैदानाच्या कडेनं गवत कमरेएवढं वाढे. दिवाळीनंतर ते कापायला बाया लागत. कवडूची बायको जयवंता, म्हातारी रुख्मिणी आणि आणखी चौघीजणी. बाया वाकून कापायला बसल्या की गवतात दिसत नसत. म्हणून साहेब टोला मारणार असला की कॅडी आरोळी देई, "हुश्शाऽऽर!" आणि बाया विळे तिथंच टाकून निंबाच्या झाडामागे जात. टोला झाला की परत येत. दिवसातून पन्नासदा जा, पन्नासदा ये. जयवंताचा उजवा गुडघा धरायचा. ती कण्हत नसे, पण उठताना हात मांडीवर रोवून उठे, आणि ते कवडूला लांबून दिसे.

एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की चाकोरीवाली निघाली तर उठायची काही गरजच नाही. चेंडू वीस पावलांवर पडणार, बाया शंभर पावलांवर. मग त्यानं बायांना सांगून ठेवलं. पिशवीतून ती बुटक्या डोक्याची काठी निघताना दिसली आणि मी हात असा खाली केला, की बसून राहा. मी आरोळी देणार नाही. तळहात जमिनीकडे करून दोनदा खाली दाबायचा, एवढीच खूण. बायांना ती फार आवडली. रुख्मिणी तर म्हणाली, "जयवंता, तुह्या नवऱ्यानं तुह्या गुडघ्यासाठी कायदा बदलवला वं!" जयवंता लाजून हसली होती.

ही खूण कमिटीच्या कुठल्या नियमात नव्हती. मधुकररावांना ठाऊक नव्हती. साहेबांचं तर गवतातल्या बायांकडे लक्षच नसे.

त्या दिवशी डॉसन साहेबाचा चेंडू चाकोरीत गेला. कवडूनं न विचारता चाकोरीवाली काढून दिली. साहेबानं ती उलटसुलट करून पाहिली आणि हसला. अशी काठी त्यानं आयुष्यात धरली नव्हती, हे कवडूला दिसलं. नव्या हाताचा घाव कुठे बसेल याचा नेम नसतो, हेही त्याला ठाऊक होतं. पण पाच वर्षांत कधी काही झालं नव्हतं, आणि सवय झाली की माणूस जाणतेपण गुंडाळून ठेवतो.

बाया त्या दिवशी साठ पावलांवर होत्या. नेहमीपेक्षा जवळ. जयवंतानं साहेब थांबलेला पाहिला आणि ती उठायला लागली. मांडीवर हात रोवून अर्धी उभी झाली आणि तिनं कवडूकडे पाहिलं. कवडूनं तळहात दोनदा खाली दाबला. ती बसली.

साहेबाचा घाव बुडाखाली न जाता चेंडूच्या पोटावर बसला, काठीच्या खालच्या धारेनं. चेंडू वर गेलाच नाही. चाकोरीच्या तोंडातून तो गोफणीतून सुटावा तसा सरळ, गवताच्या शेंड्यांबरोबर गेला. आवाजही फार झाला नाही. रुख्मिणी ओरडली तेव्हा कवडूला कळलं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नाही, पोलिसाला नाही, गोपिकेलाही नाही. बायांना विचारलं तर त्या म्हणत, आम्ही खाली पाहत होतो जी. खरं तर त्यांनीही पाहिलं होतं. पण कवडूचं कवडूनं सांगावं, असं त्यांनी आपसांत ठरवलं असावं.

कचेरीत दुपारी दोन वाजता पुकारा झाला. रावसाहेब जाडजूड, चष्म्यावरून पाहणारे. समोर टेबलावर चाकोरीवाली आडवी ठेवली होती आणि तिच्या दांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. तिच्या खालच्या धारेवर एक बारीक ओरखडा होता. तो कवडूच्या नजरेला पहिल्यांदा दिसला. एका बाजूला डॉसन साहेब हॅट मांडीवर घेऊन बसला होता, दुसऱ्या बाजूला मधुकरराव. उघड्या दाराबाहेर पाचही बाया साक्षीला उभ्या होत्या. शिपायानं त्यांना भिंतीला टेकू नका असं बजावलं होतं, म्हणून त्या ताटकळत उभ्या होत्या.

"ही काय वस्तू आहे?" रावसाहेबांनी विचारलं. "मला या खेळातलं काही समजत नाही. अडाण्याला सांगतोस तसं सांग."

कवडूनं सांगितलं. चाकोरी म्हणजे काय, चेंडू तीत कसा बसतो, मोठं डोकं का चालत नाही, हिचं तोंड खोलगट का, घाव कुठे घालायचा. सांगताना त्याचा आवाज नेहमीसारखाच राहिला. तेवीस वर्षं नव्या कॅडींना सांगावं तसंच तो सांगत गेला. रावसाहेबांनी काठी उचलून पाहिली, तिच्या खोलगट तोंडात बोट फिरवलं आणि "अस्सं" म्हणाले. लेखनिक लिहीत होता.

"म्हणजे हिच्यानं चेंडू लांब जात नाही."

"जाऊ नये जी. बुडाखाली बसला तं नाही जात. पोटावर बसला तं जाते."

"आणि टोल्याआधी तू आरोळी दिलीस. बरोबर?"

मधुकररावांनी हलकेच मान डोलवली, हो म्हण अशी.

कवडूला समोरची काठी दिसत होती, तिच्यावरचा ओरखडा दिसत होता. हो म्हटलं की घरी जायचं, तेरवी करायची, सोमवारी लाल पागोटं घालून मैदानावर. आतून त्याला काहीच थांबवत नव्हतं. दुःख नाही, राग नाही, देवाची भीती नाही. फक्त गोपिका दारात उभी राहून विचारील, काय लिवलं, आणि तिला सांगावं लागेल, की तुझी माय हयगयीनं मेली. जयवंतानं उभ्या आयुष्यात हयगय केली नव्हती. हे खोटं होतं, एवढंच त्याला नक्की कळत होतं.

"नाही जी. आरोळी नाही देल्ली."

मधुकररावांनी डोळे मिटले.

"का?"

"चाकोरीवाली निंगाली का आरोळी देतच नाही जी. पाच सालापासून. मीच बंद केली."

"बरं. पण बाईंना समोर दिसत असेल ना, की खेळ चालू आहे? त्या आपणहून उठल्या नाहीत, ही त्यांचीही थोडी हयगयच म्हणायची." रावसाहेब लेखनिकाकडे वळले. "लिहा. आरोळी नव्हती, तथापि मयत बाईने..."

"उठली होती," कवडू म्हणाला.

"काय?"

"उठली होती जी ती. अर्धी उभी झालती. गुडघा दुखे तिचा, तरी उठली. तिनं माह्याकडं पाह्यलं आन् मी बसवली." तो थांबला. आणखी काही राहिलं का ते त्यानं पाहिलं, आणि राहिलेलं सांगितलं. "मी हात केला, बस म्हणून. म्हणून बसली. नाही तं ती निंबामांगं गेली असती. हयगय तिची नाही, माही हाय. असं लिवा जी."

डॉसन साहेबाला भाषा कळली नव्हती, तो या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत होता. मधुकरराव उठून म्हणाले, "रावसाहेब, हा माणूस शुद्धीवर नाही. बायको गेल्यापासून याच्या डोळ्याला पाणी नाही. हा काहीही अंगावर ओढून घेईल. अशी कुठली खूण आमच्या क्लबात नाही."

"खूण आहे की नाही?" रावसाहेबांनी चष्मा काढला.

"हाय जी."

"कमिटीच्या नियमात नाही," मधुकरराव म्हणाले. "याच्या मनातलं आहे हे सगळं."

रावसाहेबांनी चष्मा पुसून परत लावला. त्यांना हा माणूस खोटारडा वाटत नव्हता आणि शहाणाही वाटत नव्हता. "हे बघ," ते शेवटी म्हणाले, "तू म्हणतोस ते लिहिलं तर तुझी चाकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. आणि नुसत्या तुझ्या शब्दावर मी ते लिहू कसं? कशी केलीस खूण? दाखव बरं."

कवडूनं पागोटं सावरलं. उजवा हात छातीपर्यंत उचलला, तळहात जमिनीकडे केला आणि दोनदा खाली दाबला.

दाराबाहेर बांगड्या वाजल्या. पाचही बाया एकदम खाली बसल्या होत्या. रुख्मिणीचा हात विळा धरल्यासारखा जमिनीवर टेकला होता. का बसायचं, हे कुणी विचारलं नाही. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. माणसानं हात केला म्हणजे जीवाला धोका नाही, हे त्यांनी पाच वर्षांत पक्कं मानलं होतं.

लेखनिकाची लेखणी थांबली. रावसाहेबांनी दाराकडे पाहिलं, मग मधुकररावांकडे, आणि हळू आवाजात म्हणाले, "लिहा. बाई उठली होती. नवऱ्याच्या खुणेवरून बसली."

कवडूला ते ऐकू आलं नाही. तो दारातून बायांकडे पाहत होता. जयवंता अशीच बसली होती. त्याच्यावर भरवसा ठेवून, गुडघ्याला बरं वाटलं म्हणून थोडी सुखावूनसुद्धा बसली असेल. हे अकरा दिवसांत त्याच्या मनाला शिवलं नव्हतं, ते आता आलं, आणि आलं ते छातीवर धोंडा पडावा तसं.

"उठा वं," तो म्हणाला. "बायांनो, उठा ना वं."

पण त्याचा हात अजून तसाच खाली दाबलेला होता, आणि बाया बसूनच राहिल्या.